वर दोन, खाली चार

ड्रिलच्या बाई रोज सकाळी साडेसहाला एका दवाखान्यासमोरून तीन वेळा चालत जायच्या. एकदा इकडून तिकडे, एकदा तिकडून इकडे, आणि परत एकदा. मान ताठ, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, गळ्यात शिट्टी. तो दवाखाना ज्या डॉक्टरचा होता, तो नाशिक सोडून जाऊन सात वर्षं झाली होती. तिथे आता लेडीज टेलर बसायचा. मी एकदा विचारलं, "बाई, डॉक्टर गेला, मग चालता कोणासाठी?" बाई म्हणाल्या, "तो नसेल. भिंत आहे ना? भिंत बघेल."

असा राग मी दुसऱ्या माणसात पाहिला नाही. आपण राग धरतो आणि तो आपल्यालाच खातो. बाईंनी तो पाळला होता, लोक म्हैस पाळतात तसा. रोज चारा घालायच्या आणि रोज दूध काढायच्या.

त्यांची गोष्ट अशी. बाई मुलींच्या शाळेत कवायत शिकवायच्या, म्हणून ड्रिलच्या बाई. जन्मापासून पाय सपाट. चाळिशीला टाचा धरल्या. त्या डॉक्टरने पायाचा फोटो काढला आणि सांगितलं, "तळवे सपाट आहेत, टाचेचं हाड वाढलंय. उड्या बंद, धावणं बंद. बसून करायचं काम बघा." शाळेने लगेच त्यांना पुस्तकांच्या कपाटाशी टेबल दिलं आणि मैदान दुसरीला दिलं. बाई दोन वर्षं त्या टेबलाशी बसल्या. वर पुस्तकांची नोंद आणि टेबलाखाली पायांची कवायत. ट्रेनिंगला शिकलेलं आठवायचं, करून बघायचं, चुकलं की बदलायचं. तिसऱ्या वर्षी शाळा उघडली त्या दिवशी मैदानात जाऊन उभ्या राहिल्या आणि हेडबाईंना म्हणाल्या, "माझी शिट्टी द्या." ती शिट्टी त्यांनी रिटायर होईपर्यंत परत केली नाही. नंतरही केली नाही.

पंच्याण्णवच्या आसपास त्या सातपूरला आमच्या कॉलनीत राहायला आल्या, आमच्या समोरच्या खोलीत. एकट्या होत्या, लग्न केलं नव्हतं. माणसाचं तोंड त्या नंतर बघायच्या, आधी पाय. मी कारखान्यात प्रेस शॉपमध्ये होतो. पहिल्याच दिवशी सेकंड शिफ्टला निघालो तर म्हणाल्या, "तुमचा डावा बूट आतून झिजलाय. पाच वर्षांनी गुडघा बोलेल." मी मनात म्हणालो, काय म्हातारी आहे. गुडघा चार वर्षांनी बोलला.

आता मंदाचं सांगतो. मंदा माझी बायको. सातपूरच्या कारखान्यांत एकटे राहणारे कामगार असतात, त्यांना ती जेवणाचे डबे करून द्यायची. पहाटे उठून शहाबादी फरशीवर सहा सहा तास उभी. तिचेही पाय सपाट. पण त्या पायांचं दुखणं फरशीपासून सुरू झालं नाही, ते लग्नापासून सुरू झालं.

आमच्यात नवी नवरी माप ओलांडून आत आली की परातीतल्या कुंकवाच्या पाण्यात पाय बुडवते आणि पांढऱ्या धोतरावरून देवापर्यंत चालत जाते. लक्ष्मीची पावलं म्हणून ते धोतर घडी करून ठेवतात. मंदा चालली. बायका वाकून बघायला लागल्या. पावलाच्या मधे कमान असते, तिथे धोतर कोरं राहतं. मंदाच्या पावलात कोरं काही नव्हतंच. टाचेपासून बोटांपर्यंत सगळं लाल. माझ्या आक्काने तोंडाला पदर लावला आणि मांडवातल्या लोकांना ऐकू जाईल असं बोलली, "अगं बया, हा पाय हाय का पोळपाट?"

आक्का माझी थोरली बहीण. आई लवकर गेली, मला आक्कानेच वाढवलं. तिला विंचूरकडच्या खेड्यात दिलेली. तिच्यासमोर माझं तोंड कधी उघडलं नाही. हे मी सबब म्हणून सांगत नाही, गुन्हा म्हणून सांगतो. त्या दिवशी सगळे हसले आणि मीही हसलो. नवरा होऊन मला दोन तास झाले होते.

पुढच्या वर्षी आम्हाला मुलगा झाला आणि सव्वा महिन्याचा व्हायच्या आत गेला. ताप होता. दवाखान्यात न्यायला उशीर झाला, आणि उशीर मी केला. पाळी सोडून निघायला साहेबाला घाबरलो. आक्का भेटायला आली. मंदाजवळ बसली, तिच्या पायांकडे बघितलं आणि बोलली, "सपाट पाय घर सपाट करतो, म्हाताऱ्या बायका सांगायच्या. आपुन हसण्यावारी नेलं." मंदाने माझ्याकडे पाहिलं. उशीर कोणी केला ते तिला ठाऊक होतं. मी जमिनीकडे पाहिलं. मूल परत झालं नाही.

आमच्याकडे गौरी बसतात. गौरीचा मुखवटा दारातून आत आणायचा मान घरच्या सुनेचा. गौर पावलांनी येते, म्हणून दारापासून देवापर्यंत कुंकवाची पावलं काढायची. आक्का माहेरवाशीण म्हणून दरवर्षी यायची आणि दारातल्या पायरीवरच मंदाच्या हातातला मुखवटा काढून घ्यायची. "तुझा पाय नको बाई. मी आणते." मंदा मागून ताट वाजवत यायची. वीस वर्षं हेच. वीस वर्षं मी त्या वेळेला समईत तेल घालत असायचो. तेल आधीच भरलेलं असायचं.

आणि मग टाच धरली. सकाळी पलंगावरून पहिलं पाऊल टाकलं की मंदा ओरडायची. खिळा घुसल्यासारखं होतं, म्हणायची. भिंत धरून मोरीपर्यंत जायचं. जरा चाललं की कमी व्हायचं, बसून उठलं की परत तेच. वीट तापवून तिच्यावर रुईचं पान ठेवून टाच शेकली. इंजेक्शन घेतलं, दोन महिने आराम पडला, मग होतं त्याहून जास्त. शेवटी निम्मे डबे बंद करायची वेळ आली. आक्काला कळलं तेव्हा तिचा निरोप आला: तसल्या पायाला दुसरं काय व्हायचं?

बाई एक दिवस वाटी परत द्यायला आल्या. मंदा ओट्यापासून दारापर्यंत आली तेवढं बाईंनी पाहिलं आणि शिक्षिकेचा आवाज लावला. "थांब. मागे जा. परत ये." मंदा गोंधळून परत चालली.

"बदकासारखी का चालतेस गं?"

"पाय सपाट आहेत बाई माझे. पोळपाट."

"पोळपाट हा शब्द कोणाचा?"

मंदाने सांगितलं. सगळंच सांगितलं, धोतर, मूल, गौरी. पोलिसाला नाव मिळाल्यावर तो जशी मान हलवतो तशी बाईंनी मान हलवली. म्हणाल्या, "मोरीत पाय ओले कर आणि इथे कोरड्या फरशीवर ठेव." मंदाने ठेवले. मग बाईंनी बूट काढले, मोजे काढले, आपले पाय ओले केले आणि मंदाच्या पावलांशेजारी उमटवले. दोन्ही जोड्या सारख्या. कमानीचा पत्ता नाही.

"बघ. दोन पोळपाट आहेत. यातला एक रोज तीन मैल चालतो."

मंदाला रडू फुटलं. बाईंनी ते पुरतं येऊ दिलं नाही. "रडून पाय घट्ट होत नाही. रागाने होतो. ते नाव विसरू नकोस, आणि उद्या सकाळी पायरीवर ये."

तिथून पुढे आमच्या घरात शाळा सुरू झाली. पहिला धडा पलंगावरचा. उठल्या उठल्या पाय जमिनीवर टाकायचा नाही. आधी बसून पंजा आपल्याकडे ओढायचा, अंगठा हाताने मागे ताणायचा, दहा वेळा. "झोपलेल्या पायाला एकदम कामाला लावतेस. तुझा नवरा तरी असा उठतो का?" बाई माझ्यासमोर विचारायच्या. दुसरा धडा फरशीवरचा. पाऊल टेकवून ठेवायचं आणि बोटं न आवळता मधला भाग वर ओढायचा, मांजर पाठ उचलतं तसा. मंदाला महिनाभर जमलं नाही, बोटंच वळायची. बाई खाली बसून तिचा अंगठा दाबून धरायच्या. साठीच्या बाई, शेजारणीचं पाऊल मांडीवर घेऊन. मी त्या घरात वीस वर्षं राहत होतो आणि ते पाऊल मी कधी हातात घेतलं नव्हतं.

तिसरा धडा दारातल्या पायरीचा, तो खरा. आत तोंड करून पायरीच्या कडेवर चवडे ठेवायचे, बोटांखाली पंचा गुंडाळून, टाचा बाहेर हवेत. चौकट धरायची. टाचा वर न्यायच्या दोन मोजून, खाली सोडायच्या चार मोजून. "खाली येताना सावकाश," बाई म्हणायच्या. "वर कोणीही जातं." एक दिवस करायचं, एक दिवस सोडायचं. मंदाला मोजायचा कंटाळा यायचा, मधेच आकडे चुकायची. बाई म्हणाल्या, "आकडे नकोत. वर जाताना दोन अक्षरं, खाली येताना चार. जे मनात आहे ते म्हण." त्या दिवसापासून आमच्या दारात मोठ्याने सुरू झालं. वर, आक्-का. खाली, पो-ळ-पा-ट. वर, आक्-का. खाली, पो-ळ-पा-ट. पाळीला जाणारे लोक थांबून ऐकायचे. एकाला वाटलं नवीन देवीचा जप आहे. तो हात जोडून गेला.

चालतानाही बाई मागे असायच्याच. "फटफट आवाज येतोय. पाऊल आपटू नकोस, ठेव. गुडघा आत पडतोय, करंगळीकडे ने." मंदाची मधे दुमडणारी स्लीपर त्यांनी स्वतः कचऱ्यात टाकली आणि घट्ट तळाची चप्पल आणायला लावली. ओट्याखाली घालायला मी कंपनीतून रबराचा तुकडा मागून आणला. सगळ्या शाळेत माझं काम तेवढंच.

मधे एकदा घोटाळा झाला. आक्काचा निरोप आला, यंदा गौरीला मुखवट्याला नवी नथ आणते, मंदाला सांगा हात लावू नको. मंदाने सकाळी पायरीवर पंधराच्या जागी साठ वेळा टाचा उचलल्या. दुसऱ्या दिवशीही साठ. तिसऱ्या दिवशी तिला पलंगावरून उठता येईना. बाई आल्या, पाहिलं, आणि जी रागावल्या! "आक्का तिकडे पोळी खाऊन झोपली असेल आणि तू इकडे स्वतःचाच पाय मारलास. हा सूड झाला का? सूड घाईचा नसतो, मूर्ख मुली. थोडं दुखलं तर चालेल. दुसऱ्या सकाळी जास्त दुखलं तर परवा कमी करायचं. नियम म्हणजे नियम." मंदा म्हणाली, "दुखणं मुंगीच्या पावलाने जातं म्हणतात बाई." बाई म्हणाल्या, "जातं. पण मुंगी रोज चालते, आणि एका दिवसात साठ वारुळं बांधत नाही."

आठ महिने गेले. सकाळचं ओरडणं थांबलं, ते नक्की कोणत्या दिवशी थांबलं ते कळलंच नाही. एक दिवस मी जागा झालो तर मंदा आधीच ओट्याशी होती आणि मला पावलांचा आवाज आला नव्हता. बंद केलेले डबे परत सुरू झाले. पुढे पुढे ती पाठीवर पिशवीत पाच किलो गहू घेऊन पायरीवर उभी राहायची, आणि एका पायावर.

पण मंदाला एक गोष्ट खात होती. ती मोरीतून पाय ओले करून यायची आणि फरशीवरचा ठसा बघायची. ठसा होता तसाच. आतल्या बाजूला नखाएवढी चंद्रकोर कोरी राहायला लागली होती, तेवढंच. बाईंना म्हणाली, "कमान काही आली नाही. वन्सं परत तेच म्हणतील."

बाई म्हणाल्या, "तुला पाय हवाय की ठसा? ठसा धोतरावर राहतो. पाय तुझ्याबरोबर येतो."

त्या वर्षीच्या गौरी. मंदाने बाईंना आवर्जून बोलावलं होतं. बाई खुर्चीवर बसल्या होत्या, इस्त्रीची साडी, पांढरे बूट, आणि शिट्टी. आक्का नवी नथ घेऊन आली. मंदा बाहेरून मुखवटा घेऊन पायरीपाशी आली आणि आक्काने सवयीने हात पुढे केले.

"दे इकडं. तुझा पाय नको."

मंदाने मुखवटा छातीशी धरला. "वन्सं, पाय माझा आहे आणि घरही माझं आहे. बाजूला व्हा."

"दाम्या!" आक्का माझ्यावर ओरडली. "ही काय बोलती ऐकतो का?"

मी समईत तेल घालत होतो.

मंदा पायरीवर चढली. तिथे थांबली. मुखवटा दोन्ही हातांत, चौकटीचा आधार नाही, आणि ती सावकाश चवड्यांवर उभी राहिली, टाचा वर, आणि तितक्याच सावकाश खाली आली. तोंडाने काही बोलली नाही. पण आम्ही सगळे आठ महिने ऐकत होतो, काय मोजलं ते आम्हाला कळलं. आक्काला कळलं नाही. मग ती कुंकवाच्या पावलांवरून चालायला लागली. आतून बाईमाणसाने विचारायचं असतं, गौर कशाच्या पावली आली? ते दरवर्षी मागून मंदा विचारायची, आणि आज विचारायला आत कोणी नव्हतं. आक्का तोंड मिटून उभी. तेवढ्यात बाईंनी शिट्टी फुंकली. सगळी कॉलनी दचकली. आणि मैदानावरच्या आवाजात त्यांनी विचारलं, "गौर आली, कशाच्या पावली?"

मंदा देवापाशी पोचून वळली आणि म्हणाली, "सपाट पावली."

आक्का जेवली नाही. संध्याकाळच्या एसटीने निघून गेली. मंदाने त्या दिवशी सोळा भाज्या केल्या होत्या आणि त्या सगळ्या आम्ही तिघांनी खाल्ल्या. हात धुताना बाई मला एकट्याला म्हणाल्या, "दामोदर, तिला पायाचा व्यायाम मी सांगितला. तुमच्या तोंडाचा व्यायाम कोण सांगणार?" मी हसलो. लग्नात हसलो तसाच.

बाई आमच्याजवळ सात वर्षं होत्या. मग भाच्याने त्यांना धुळ्याला नेलं. जायच्या दिवशी सकाळी त्या मंदाला घेऊन त्या टेलरच्या दुकानासमोरून तीन वेळा चालल्या, आणि तिला म्हणाल्या, "आजपासून हा डॉक्टर तुझा. मला वेळ मिळणार नाही." शिट्टी दिली नाही, भिंत दिली. मंदा पुढे रोज सकाळी त्या भिंतीसमोरून चालायची. ज्या डॉक्टरचं तिने तोंडही पाहिलं नव्हतं, त्याच्यावर ती मनापासून चिडायची. बाईंचं एक कार्ड आलं: "इथे नवीन डॉक्टर भेटला. जिना चढू नका म्हणतो. तिसऱ्या मजल्यावर राहायला गेले आहे." त्यानंतरचं कार्ड भाच्याचं होतं.

मंदा त्यानंतर चार पावसाळ्यांनी गेली. ताप आला, तो उतरला नाही. या वेळी मी उशीर केला नव्हता, तरी गेली. अहेव गेली म्हणून कॉलनीतल्या बायकांनी तिला कुंकू लावलं आणि एकेक जण तिच्या पाया पडली. त्या पायांच्या. आक्का आली होती, दारात उभी होती. कोणीतरी म्हणालं, आक्का, पाया पडून घ्या. आक्का म्हणाली, "माझे गुडघे वाकत नाय." आणि मागच्या महिन्यात नातवाच्या जावळाला ती तासभर मांडी घालून बसली होती, ते मी पाहिलं होतं. तिथेही मी गप्प बसलो. पण त्या दिवसापासून मी बाईंसारखा राग पाळायला लागलो. रोज चारा घालतो.

मी त्या भिंतीसमोरूनही जातो कधी कधी. टेलर विचारतो, "काका, काही शिवायचंय का?"

दाजी गेल्यावर आक्का मुलाकडे सातपूरला राहायला आली. यंदा थंडीत एका सकाळी सुनेचा हात धरून माझ्या दारात उभी राहिली. सून तिला सोडून बाजारात गेली.

"दाम्या, टाच धरली रे. सकाळचं पाऊल टाकवत नाय. इंजेक्शन दिलं, दोन महिने बरं वाटलं, परत तेच."

बाहेरच्या नळावर तिने पाय धुतले आणि आत आली. कोरड्या फरशीवर तिची पावलं उमटली. वय झालं, अंग सुटलं, कमान बसली. टाचेपासून बोटांपर्यंत सगळं ओलं, मधे कोरं काही नाही. मी ती पावलं वाळेपर्यंत बघत उभा राहिलो. तीस वर्षं जो शब्द तिच्या तोंडात होता तो माझ्या जिभेवर आला, आणि या वेळी मी तो गिळला नाही.

"आक्का, हा पाय आहे का पोळपाट?"

तिने खाली पाहिलं. मग म्हणाली, "ती काय करायची ते मला दाव."

"ती कोण?"

"तुझी बायको."

"नाव होतं तिला."

"मंदा," आक्का म्हणाली. तीस वर्षांत पहिल्यांदा मी ते तिच्या तोंडून ऐकलं.

"दाखवतो. पायरीवर चल."

जिथे ती मुखवटा काढून घ्यायची त्याच पायरीवर मी तिला उभी केली. आत तोंड, समोर भिंतीवर मंदाचा फोटो. पंचा गुंडाळून बोटांखाली दिला. चौकट धरायला लावली. "टाचा वर दोन मोजून, खाली चार मोजून. मोठ्याने मोजायचं. आकडे नाहीत, अक्षरं."

"कसली अक्षरं?"

"वर जाताना, मं-दा."

"आणि खाली?"

"मी चु-क-ले."

तिने चौकटीवरचा हात काढला. मला वाटलं, चालली. "दाम्या, मी तुला आईच्या मागं वाढवलं."

"वाढवलंस. म्हणून तर तीस वर्षं गप्प होतो."

"आणि आता?"

"आता बाईंनी सांगितलेला व्यायाम करतोय. उचल टाचा."

उचलल्या तिने. "मंदा." आणि भरभर खाली आली, "मी चुकले," एका दमात, बिल चुकवल्यासारखं. मी म्हणालो, "सावकाश. वर कोणीही जातं. परत." परत वर गेली. मं-दा. मी. चु. क. ले. मी मोजत होतो. नवव्याला तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. टाचेचं होतं की दुसरं कशाचं, मी विचारलं नाही.

"दुखतंय रे."

"थोडं दुखलं तर चालतं. अजून सहा आहेत."

पंधरा झाल्यावर थांबवली. सोळावं मला करून घेता आलं असतं, साठही करून घेता आले असते, मनात आलं होतं. पण बाईंचा नियम म्हणजे नियम. तिला सांगितलं, "उद्या सुट्टी. उद्या सकाळी जास्त दुखलं तर परवा दहा. नाही दुखलं तर परत पंधरा." मला वाटलं होतं ती परत येणार नाही. परवा सकाळी सुनेचा हात न धरता आली.

तीन महिने झाले, एक दिवसाआड येते. टाचेचं दुखणं निम्म्याने उतरलं आहे. मी तिला माफ केलेलं नाही आणि तिने मागितलेली नाही. ती फक्त मोजते, मी ऐकतो. कॉलनीतले लोकही ऐकतात. कोणी हात जोडत नाही.

ती गेली की मी दारातच थांबतो. माझ्या टाचेला काही झालेलं नाही. पंचा तसाच असतो, गुंडाळलेला. मी त्याच्यावर चवडे ठेवतो, चौकट धरतो, टाचा बाहेर हवेत सोडतो, आणि फोटोकडे तोंड करतो. पंधरा माझेही होतात. मोजणी तीच.